भांग, गांजा आणि १९८५: एका झाडाचं म्युझियम पाहून

लोणावळ्याच्या व्हिलात नाहीतर पवनेच्या काठी टेंटमध्ये शनिवारी रात्री कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, नॅचरल आहे. भोलेनाथाचा प्रसाद! आणि १ किलोपर्यंत पोलीस काही करत नाहीत." आजचा एपिसोड या दोन वाक्यांवर आहे. निमित्त मात्र अ‍ॅमस्टरडॅमचं.

ऑफिसच्या कामाने तिकडे गेलो होतो, तेव्हा 'हॅश, मारिहुआना अँड हेम्प म्युझियम' पाहिलं. चिलमी-बिलमी असणार हे माहीतच होतं. पण तिथे जहाजांचे दोर आहेत, कापड आहे, औषधांच्या जुन्या बाटल्या आहेत, आणि चक्क वाढती झाडंही. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा, राळेचा चरस आणि खोडाचा धागा, सगळं एकाच झाडाचं. (मावळात भाताआधी शेतात गाडतात तो ताग वेगळा हं. इंग्रजीत त्यालाही 'सन हेम्प' म्हणतात, म्हणून गूगल गोंधळ घालतं.)

हे म्युझियम १९८५ साली सुरू झालं. आपला एनडीपीएस कायदाही १९८५ चाच! तिकडे झाड काचेत ठेवलं, इकडे कायद्यात.

आता मागे जाऊ. १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत प्रश्न आला की हिंदुस्थानात गांजामुळे लोक वेडे होतात का? सरकारने आयोग नेमला. आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या. आपल्या मुंबई इलाख्यातही तपास झाला. तेव्हा नगर जिल्ह्यात गांजाची शेती होती, सरकार त्यावर कर घ्यायचं. आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांची रजिस्टरं तपासली, आणि हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो. 'वेडाचं कारण' या रकान्यात बऱ्याचदा रुग्णाला आणणाऱ्या पोलिसांनी सांगितलेलंच उतरवलं जायचं. माणूस कधी गांजा ओढायचा एवढं कळलं की कारण गांजा! आमच्या भाषेत, फॉर्ममध्ये डिफॉल्ट व्हॅल्यू पडलेली, आणि त्यावर सगळा रिपोर्ट उभा. नव्याने चौकशी केल्यावर त्यातल्या कितीतरी केसेस टिकल्या नाहीत. १८९४ च्या अहवालात आयोग म्हणाला की माफक वापराने सहसा मोठं नुकसान दिसत नाही, अतिवापराने होतं. सरसकट बंदी नको, कर आणि परवाने ठेवा.

मग बंदी आली कुठून? १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून. सह्या करणाऱ्या देशांना गांजाचा नशेसाठीचा वापर थांबवायला २५ वर्षांची मुदत होती. ती संपत आली आणि आपल्याकडे कायदा झाला. करारातल्या व्याख्येत फुलोरा आहे, सुटी पानं आणि बिया नाहीत. आपल्या कायद्यातही तसंच. म्हणून उत्तरेत काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. पण थांबा, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, त्यामुळे इथे भांगेलाही परवाना लागतो. होळीची थंडाई पिऊन "लीगल आहे" म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं.

आणि ते १ किलो? ती 'अल्प प्रमाणा'ची मर्यादा आहे, सूट नाही. तेवढ्यावरही १ वर्षापर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गच्चीतल्या कुंडीचं तर आणखी कडक: लागवड हा वेगळा गुन्हा, शिक्षा १० वर्षांपर्यंत आणि दंड १ लाखापर्यंत. तिथे 'एकच तर झाड आहे' म्हणून सुटका नाही.

माझं मत विचाराल, तर आयोगासारखी तपासणी पुन्हा व्हायला हवी, आजच्या जास्त कडक मालावर आणि आजच्या कोवळ्या वयाच्या मुलांवर. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत या झाडाला सगळ्यात कडक यादीतून काढण्यावर मतदान झालं. २७ विरुद्ध २५. भारताचं मत काढण्याच्या बाजूने होतं. एनडीपीएस मात्र जागेवरच आहे.