पहिल्या नंबरचा पोरगा खेळलाच नाही, १३९०वा हॉल ऑफ फेममध्ये गेला. बेसबॉलमध्ये टॅलेंट ओळखतात कसं?

१९९१ ला न्यूयॉर्क यांकीजनी ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी ब्रायन टेलर हा पिचर घेतला. पुढे त्याचा खांदा दुखावला आणि मेजर लीगची एकही मॅच त्याच्या नशिबी आली नाही. उलट १९८८ ला डॉजर्सनी ६२व्या राऊंडमध्ये, १३९०व्या नंबरला घेतलेला माईक पियाझा २०१६ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला.

मग टीमने घेतलेली पोरं कशी आहेत, हे ओळखायचं कसं?

ड्राफ्टनंतर बहुतेकांना आधी मायनर लीगमध्ये सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या चढाव्या लागतात. तिथे नुसते होमरन मोजू नका. आधी वय बघा. डबल-एमध्ये २५ वर्षांच्या पोराने धुतलं, त्यापेक्षा १९ वर्षांचा पोरगा तिथे टिकला ही मोठी गोष्ट. मग बघा, बॅटर स्ट्राईकआऊट किती होतो आणि खराब बॉल सोडून वॉक किती मिळवतो.

आता ड्राफ्ट २० राऊंडचाच असतो. म्हणजे आजचा पियाझा त्या यादीत दिसणारही नाही. म्हणून ड्राफ्टच्या दिवशीच टीमला पास-नापास करू नका. चार-पाच वर्षं थांबा.