मापात पाप आणि पापाचं माप

दिवाळीनंतर दर्यापूरच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागतात. समजा, एका व्यापाऱ्याने हंगामभर काटा मारला, क्विंटलमागे किलोभर कापूस गिळला. गाड्या कुठकुठल्या गावांच्या, शेतकरी अनोळखी, कोणाचं किती बुडवलं याची नोंद कुठेच नाही. पुढे कधीतरी मनाला ते टोचायला लागलं. हा व्यापारी कॅथलिक असता आणि फादरपुढे गुडघे टेकून सगळं बोलला असता, तर फादरने काय सांगितलं असतं?

हिंदी सिनेमे पाहून वाढलेला माणूस म्हणेल, सांगणार काय? दहा प्रार्थना म्हण, मेणबत्ती लाव आणि जा घरी. पडद्यावर लाकडी जाळी दिसते, जाळीआडचा फादर दिसतो, पुढचा हिशेब कोणी दाखवत नाही. वऱ्हाडातल्या बहुतेकांची ओळख एवढीच, कारण इकडे कॅथलिक मुळात थोडे. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ मिळून जो अमरावती धर्मप्रांत आहे, तोही नागपूरपासून वेगळा झाला १९५५ मध्येच.

तो पुढचा हिशेबच खरा अवघड आहे. चर्चच्या शिकवणीत कबुलीच्या संस्काराचे टप्पे ठरलेले आहेत: आपलं वागणं तपासणं, मनापासून पश्चात्ताप, धर्मगुरूपुढे कबुली, क्षमा आणि भरपाई. वर्षातून एकदा तरी कबुली द्यावी हा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेतला. जाळीचा कप्पा त्याच्या साडेतीनशे वर्षांनंतरचा, मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी रूढ केलेला. भरपाईची अट मात्र या दोन्हींहून जुनी. चोरलेली वस्तू परत करणं शक्य असूनही जो करत नाही त्याचा पश्चात्ताप ढोंगी, असं संत ऑगस्टीन पाचव्या शतकातच लिहून गेले. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात तर यादीच आहे: चोरीचा माल परत करा, ज्याची बदनामी केली त्याचं नाव साफ करा, इजा केली असेल तर मोबदला द्या. क्षमेने पाप जातं, पापाने झालेलं नुकसान जात नाही, हेही तिथे स्पष्ट म्हटलं आहे.

याचा मूळ दाखला बायबलमधल्या जक्कयाचा. यरीहोचा हा मुख्य जकातदार, बुटका, येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा जक्कय म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवून घेतलं त्याला चौपट परत करतो. कोणी मागितलेलं नसताना त्याने आकडा सांगितला, हे महत्त्वाचं.

आपल्या व्यापाऱ्याच्या प्रश्नाशी थेट भिडलेला माणूस गोव्यात होऊन गेला. फ्रान्सिस झेविअर १५४२ मध्ये गोव्याला उतरले. १५४९ मध्ये त्यांचे सहकारी गास्पर बार्झेउस होर्मुझ बंदराला निघाले, तेव्हा झेविअरनी त्यांना लेखी सूचना दिल्या. व्यापारी आणि अधिकारी कबुलीला येतील तेव्हा ‘तुमच्याकडे कोणाचं काही देणं आहे का’ असं विचारू नका, सगळे नाहीच म्हणतील. धंदा कसा करता, पदावरून कमाई कशी होते, ते विचारा. सगळं आपोआप बाहेर येईल. आजच्या आयकर अधिकाऱ्यालाही याहून चांगला सल्ला मिळणार नाही.

मग पैसे परत कोणाला द्यायचे? ज्याचे पैसे तो सापडत असेल तर त्याला, तो गेला असेल तर वारसांना. कोणीच सापडत नसेल तर? झेविअर सांगतात, ती रक्कम मिझेरिकॉर्दिया या गोरगरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे द्या. फादरने स्वतःच्या हाताने वाटू नये. लबाड लोक फसवतात आणि फादरवरही संशय येतो. म्हणजे दर्यापूरच्या त्या व्यापाऱ्याची सुटका नाही. शेतकरी सापडले नाहीत तरी गिळलेला कापूस त्याचा होत नाही. मात्र चौकात उभं राहून नाव सांगण्याची सक्ती नाही, पैसे गुपचूप पोचवले तरी चालतात.

(याच झेविअरनी १५४६ च्या पत्रात पोर्तुगालच्या राजाकडे भारतासाठी इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, मागितलं होतं. ते १५६० मध्ये गोव्यात आलं आणि त्याने जे केलं त्याची भरपाई कोणी केली नाही. थोर माणसांचा हिशेबही पुरा मांडावा.)

त्याच काळात अमेरिकेत बिशप बार्तोलोमे दे लास कासास यांनी याहून कडक पाऊल उचललं. मूळ रहिवाशांच्या श्रमावर आणि लुटीवर गबर झालेल्या स्पॅनिश जमीनदारांनी आधी नोटरीपुढे परतफेडीचा करार लिहून द्यावा, मगच त्यांची कबुली ऐका, असे त्यांचे नियम १५५२ मध्ये छापले गेले. जमीनदार खवळले, हे सांगायला नकोच.

पैशाचं एक वेळ जमतं, अब्रूचं कठीण. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणाच्या मुलीबद्दल खोटं पसरवलं, तर तिच्या बापाला एकट्याला गाठून सॉरी म्हणणं पुरेसं नाही. जितक्यांनी ते वाचलं तितक्यांपुढे खोटं मागे घ्यावं लागतं. चर्चच्या नियमाचा सरळ अर्थ तोच.

कबुलीच्या गुप्ततेवर वादही आहेत. फादरने ऐकलेलं फोडलं तर त्याला चर्चमधून बहिष्काराची शिक्षा आहे; भारताच्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात मात्र वकिलासारखं संरक्षण धर्मगुरूला नाही. २०१८ मध्ये केरळात एका ऑर्थोडॉक्स चर्चच्या धर्मगुरूंवर कबुलीचा वापर करून महिलेचं शोषण केल्याचा आरोप झाला आणि राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करा अशी शिफारस केली. प्रथा बंद झाली नाही. पण ज्याच्या हाती दुसऱ्याची गुपितं, त्याच्यावर नजर हवी, हा आक्षेप खोटा नव्हता.

भरपाई म्हणजे काय हे पाहायला मेळघाट ओलांडून मध्य प्रदेशात जावं. इंदूरजवळच्या उदयनगर भागात सिस्टर राणी मारिया शेतमजुरांना सावकारीतून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत नेत होत्या. ज्यांचा धंदा बुडत होता त्यांनी माणूस लावला. २५ फेब्रुवारी १९९५ ला समुंदर सिंह याने त्यांना बसमध्ये भोसकलं आणि तो जन्मठेपेवर गेला. २००२ मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण, तीही सिस्टर, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. घरच्यांच्याच संमतीमुळे तो २००६ मध्ये लवकर सुटला. त्यानंतर तो केरळात त्यांच्या आईला भेटला, आणि शेतात पिकलेलं धान्य घेऊन राणी मारियांच्या समाधीवर जात राहिला. गेलेला जीव धान्याने परत येत नाही, हे त्यालाही ठाऊक असणार.

सावकारी वऱ्हाडाला नवी नाही. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात गाडगेबाबांच्या मामांची जमीन सावकाराच्या घशात गेली, ती कथा इकडे घरोघरी माहीत आहे. आता महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ आहे. त्याच्या कलम १८ नुसार बेकायदा सावकारीत बळकावलेली शेतजमीन मूळ मालकाला परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक काढू शकतात. त्यासाठी सावकाराला पश्चात्ताप व्हायची वाट पाहावी लागत नाही. ज्यांच्या घरात सावकारी कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत झालेलं आहे, त्यांनी कागद घेऊन सहकार खात्याच्या सहायक निबंधक कार्यालयात जावं.