वीज चंद्रपूरची, दर साऱ्या राज्याचा

चंद्रपूर-गडचिरोलीत विजेच्या बिलाचा विषय निघाला की हमखास ऐकू येते: "कोळसा आमचा, धूर आमच्या छातीत, मग वीज तरी स्वस्त नको?" तक्रार रास्त आहे, पण दर तसा ठरत नाही. चंद्रपूरच्या 2920 मेगावॉटच्या महाऔष्णिक केंद्रातली वीज राज्याच्या जाळ्यात जाते आणि महावितरणचा दर विद्युत नियामक आयोग ठरवतो. त्यामुळे तेवढ्याच युनिटला गडचिरोलीतल्या मार्कंडा गावच्या घराला जो दर, तोच कोल्हापूरच्या घराला. विदर्भाला वीज सवलत जाहीर झाली ती उद्योगांसाठी. घरच्या मीटरचा तिच्याशी संबंध नाही.

सिलिंडरचे उलटे आहे. सरकारी कंपन्यांचा म्हणून त्याचा भाव देशभर सारखा, असे अनेकांना वाटते. जीएसटी सगळीकडे 5 टक्केच, पण वाहतूक खर्च भावात मिसळतो. 8 एप्रिल 2025 च्या वाढीनंतर घरगुती सिलिंडर मुंबईत 852.50 रुपयांना होता, तर कोलकात्यात 879 ला. गडचिरोलीत तो मुंबईपेक्षा महागच पडतो. जिल्ह्यात रेल्वे आहे ती वडशाला. पुढे चामोर्शी, एटापल्ली, भामरागडपर्यंत सगळा माल ट्रकने जातो.

'उज्ज्वलाचा गॅस फुकट' हाही असाच समज. अनामत माफ होते, पण सिलिंडर भरून घेताना पूर्ण रक्कम मोजावी लागते. 300 रुपयांचे अनुदान मागाहून बँकेत जमा होते. रोजमजुरीच्या घरात एकरकमी आठ-नऊशे रुपये हाताशी असणे हाच खरा प्रश्न आहे. म्हणून तेंदूपत्त्याची मजुरी हाती येईपर्यंत रिकामी टाकी कोपऱ्यात उभी राहते आणि चूल पेटते.

सगळ्यात घातक समज म्हणजे सरपण फुकट मिळते हा. साध्या चुलीत लाकडाची जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्याला लागते, गॅसच्या शेगडीत साठाच्या वर. हिशेब मांडला तर 14.2 किलोच्या एका सिलिंडरवरचा स्वयंपाक चुलीवर करायला साधारण दोन क्विंटल लाकूड लागते. वीस-पंचवीस किलोची मोळी धरली तर आठ-दहा खेपा. त्या बाईच्या डोक्यावरून येतात, तिचा रोज बुडतो आणि आता जंगलात वाघाची भीती आहे. सरपण, मोहफुले वेचताना या दोन जिल्ह्यांत माणसे मारली गेली आहेत. 2015 च्या जन-वन विकास योजनेत व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांना सवलतीत गॅस देण्यामागे हेही कारण होते. घरात कोंडणारा धूर वेगळाच.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. घरपोच न घेता स्वतः गोदामातून सिलिंडर आणत असाल, तर पोहोचवण्याची ठरलेली रक्कम बिलातून वजा व्हायला हवी. पावती मागा, ती वाचा आणि रक्कम वजा झाली नसेल तर तिथेच विचारा.