पावसातली सहल : पांडवकडा की कर्नाळा?

पावसाने जोर धरला, की घरोघरी मुलांचे एकच टुमणे सुरू होते, "आई, धबधब्यावर जाऊ या ना!" करंजाडेसारख्या पनवेललगतच्या वस्तीतून खारघरचा पांडवकडा काही फारसा लांब नाही. शंभर मीटरहून उंच कड्यावरून कोसळणारे ते पाणी दुरून पाहिले, तरी मन हरखून जाते. पण मैत्रिणींनो, पायथ्याशी जायचा हट्ट तेवढा पुरवू नका. पावसाळ्यात तिथे बंदी घालतात, ती उगाच नव्हे. 2019 च्या ऑगस्टमध्ये सहलीला गेलेल्या कॉलेजच्या चार मुली तिथे वाहून गेल्या.

"अहो, पण आम्ही कुठे खोल पाण्यात उतरतो?" असे तुम्ही म्हणाल. इथेच तर आपण फसतो! आपण उभ्या असतो तिथे ऊन पडलेले असते आणि वर डोंगरमाथ्यावर सर कोसळत असते. ते सारे पाणी बघता बघता ओढ्यात उतरते. नितळ पाणी गढुळले, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, खळखळ वाढली, की चपला शोधत बसू नका. मुलांचे हात धरा आणि काठ चढून वर या. पलीकडच्या काठावर अडकलात, तर पाणी ओसरेपर्यंत तिथेच उंचावर थांबा. वेगाचे गुडघाभर पाणीसुद्धा मोठ्या माणसाचे पाय उचलते.

मग सहल रद्द? छे, छे! कर्नाळ्याला जा. पनवेलहून पेणच्या रस्त्याला बारा-तेरा किलोमीटर; एस.टी.नेही जाता येते. वाटेत शिरढोण लागते, ते वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. मुलांना जरूर सांगा. कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य 1968 सालचे. पावसात रानवाटांवर लहान लहान ओहोळ वाहतात. कान दिलात, तर एखादा मुलगा उगाच शीळ घालीत हिंडतोय असे वाटेल. तो शीळकरी कस्तुर! दिसला नाही तरी शिळेवरून ओळखता येतो. किल्ल्याची चढण मात्र या दिवसांत निसरडी असते, ती थंडीसाठी ठेवा. सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा त्या वेळीही अत्तरबित्तर नकोच.

आता डबा. पावसाळी हवेत पातळ भाजी, ओल्या नारळाची चटणी लवकर आंबते. त्यापेक्षा तिखटामिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणीची कोरडी चटणी न्या. दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. सगळे झाकणाच्या स्टीलच्या डब्यांतच भरा. प्लास्टिकच्या पिशव्या रानात नकोत, आणि पिशवी दिसली की माकडे झडप घालतात ती वेगळीच!

घरी परतल्यावर मुलांच्या ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा आणि रात्री एकदा बदला. सोमवारी शाळेला तेच बूट घालता येतील.