पंप ‘डायरेक्ट’ करण्याआधी

पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत इंधनपंप टाकीतच बसवलेला असतो. साधारण ३ ते ४ बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलताना तो ५ ते ८ अँपिअर प्रवाह घेतो. एवढा प्रवाह सहसा इंजिनाच्या संगणकातून, म्हणजे ईसीयूमधून, थेट जाऊ देत नाहीत. त्यासाठी मध्ये रिले असतो.

प्रचलित रिलेच्या ८५ आणि ८६ या पिनांमध्ये तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, तर ३० आणि ८७ मधून पंपाचा प्रवाह जातो. वेटोळ्यात ०.२ अँपिअरच्या आसपास प्रवाह आला की त्याचे चुंबक होते, पट्टी ओढली जाते, ‘टक्’ असा आवाज येतो आणि पंप सुरू होतो. प्रत्येक उघडझापीला बारीक ठिणगी पडते. त्यामुळे कालांतराने संपर्कबिंदू काळवंडतात, तापतात आणि एक दिवस दगा देतात.

मुळशी तालुक्यातील माण गावात हिंजवडी आयटी पार्कचा तिसरा टप्पा आहे. ऑफिस सुटल्यावर तिथल्या वाहनांच्या रांगेत गाडी बंद पडली, तर ३० आणि ८७ जोडून मध्ये बटण टाकण्याचा, म्हणजे पंप ‘डायरेक्ट’ करण्याचा, उपाय मोहात पाडतो. गाडी चालूही होते. मात्र एक संरक्षण निघून जाते.

चावी फिरवल्यावर ईसीयू पंप दोन-तीन सेकंदच चालवतो. क्रँकशाफ्ट फिरत असल्याचा संकेत मिळाला, तरच तो पुढे चालू राहतो. अपघातात इंजिन बंद पडले की पंपही थांबतो. बटणाला हे कळत नाही. इंधननळी फुटली असेल, तर पंप दाबाने पेट्रोल ओततच राहतो. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते. अशा वेळी एक ठिणगी पुरते. फ्यूज वगळून बारीक वायर टाकली असेल, तर शॉर्ट सर्किट होताच वायरच पेटते.

म्हणून आधी फ्यूज पाहावा. मग हॉर्नचा रिले त्याच क्रमांकाचा असेल, तर अदलाबदल करून पाहावी. रिले वाजूनही पंपाची घरघर येत नसेल, तर दोष वायरिंगमध्ये किंवा पंपात असू शकतो. पंप डायरेक्ट करावाच लागला, तर फ्यूज कायम ठेवून, फक्त गॅरेजपर्यंत. आणि इंजिन थांबताच बटण बंद करावे.

चोरी रोखण्यासाठी बटण हवे असेल, तर ते रिलेच्या वेटोळ्याच्या वायरमध्ये, पक्क्या जोडणीने बसवावे. तिथे प्रवाह अल्प असतो आणि पंप थांबवण्याचा ईसीयूचा अधिकार शाबूत राहतो.