रंगाखालचे विमान

लोहगावच्या लढाऊ विमानांचा आवाज आम्हा आळंदीकरांना रोजचाच. ही विमाने निवृत्त झाल्यावर कशी जपावीत, हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्यासाठी गोव्याचे उदाहरण बोलके आहे. तिथे दाबोळीजवळ १९९८ पासून नौदलाचे विमान-संग्रहालय आहे आणि त्यात ‘सी हॉक’ उभे आहे. याच जातीच्या विमानांनी १९७१च्या युद्धात ‘विक्रांत’वरून झेपावून कॉक्स बाजारवर हल्ले केले. ती युद्धनौका २०१४ मध्ये भंगारात निघाली. त्या पराक्रमाच्या हाताला लागणाऱ्या खुणा आता अशा विमानांत उरल्या आहेत.

त्यांचा खरा शत्रू खारा वारा. चाकणच्या कारखान्यांत गंज म्हटला की तांबडाच. अॅल्युमिनियमचा गंज मात्र पांढरी भुकटी होऊन रंगाखाली लपतो. पोलादी बोल्टशेजारी खारे पाणी साचले, की आधी झिजते ते अॅल्युमिनियमच. म्हणून विमानाच्या पोटाची निचऱ्याची भोके मोकळी ठेवावीत, मीठ गोड्या पाण्याने धुवावे. दुरुस्तीआधी जुने रंगाचे थर, चिन्हे, क्रमांक यांची छायाचित्रांसह नोंद करावी. बदललेल्या भागांवर तशी खूण ठेवावी. चौकाचौकांत उभ्या असलेल्या विमानांनाही हेच लागू आहे. नुसता नवा रंग फासला, तर आतली झीज चालूच राहते आणि जुन्या खुणाही पुसल्या जातात.