पेन्सिलीने लिहिलेला अर्ज

अमेरिकेचे कोर्ट आपल्याला माहीत आहे ते सिनेमातले. उंच आसनावर न्यायाधीश, बाजूला ज्यूरीचे बारा जण आणि त्यांच्यापुढे येरझारा घालीत बोलणारा वकील. पण ज्याच्या खिशात वकिलाची फी नाही त्याचे तेथे काय होते? आम्ही मुद्दाम येथूनच सुरुवात करतो. हातावर पोट असणाऱ्या माणसाला कोर्टाची ओळख याच प्रश्नाने होते, मग देश कोणताही असो.

तेथे कोर्टे दोन प्रकारची. एक संघसरकारची आणि दुसरी प्रत्येक राज्याची स्वतःची. चोरी, मारामारी, खून असले बहुतेक गुन्हे राज्याच्या कोर्टात चालतात. आरोपीला वकिलाचे साहाय्य मिळेल, असे तेथील राज्यघटनेच्या सहाव्या दुरुस्तीत १७९१ पासून लिहिलेले आहे. पण लिहिलेले हक्क गरिबाच्या दारी आपण होऊन येत नाहीत! १९३१ साली अलाबामा राज्यात नऊ काळ्या पोरांवर बलात्काराचा खोटा आळ आला. धड वकील न देता खटले उरकले आणि आठ जणांना देहदंड सुनावला. १९३२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. तरीही देहदंडाची भीती नसलेल्या गुन्ह्यात गरिबाला वकील देणे अनेक राज्यांवर बंधनकारक नव्हते.

१९६१ साली फ्लोरिडातील क्लॅरेन्स अर्ल गिडियन या गोऱ्या पण कफल्लक माणसावर एक खेळघर फोडून चिल्लर व दारू चोरल्याचा आरोप आला. "मला वकील द्या," असे त्याने कोर्टात सांगितले. न्यायाधीशांनी राज्याच्या कायद्यावर बोट ठेवून नकार दिला. बिचाऱ्याने स्वतःच उलटतपास घेतला. पाच वर्षांची शिक्षा झाली. मग तुरुंगातल्या कागदावर पेन्सिलीने अर्ज लिहून त्याने तो थेट सर्वोच्च न्यायालयाकडे धाडला, आणि तेथे तो दाखल झाला! त्याची बाजू मांडण्यास न्यायालयाने एब फोर्टास हा नामांकित वकील नेमला. १८ मार्च १९६३ रोजी न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला. गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील दिलाच पाहिजे, असे ठरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गिडियनचा खटला पुन्हा उभा राहिला. यावेळी वकिलाने मुख्य साक्षीदाराला उलटसुलट विचारले, आणि ज्यूरीने तासाभरात गिडियनला निर्दोष ठरविले. माणूस तोच, आरोपही तोच. फरक काय तो वकिलाचा.

पुढे १९६६ च्या मिरांडा निकालाने पोलिसांवर बंधन आले. अटकेतील माणसाची चौकशी करण्यापूर्वी, "तुला गप्प राहण्याचा व वकील मागण्याचा हक्क आहे," हे त्याला सांगावेच लागते. काळ्या आरोपीच्या ज्यूरीतून काळी माणसे केवळ वर्णावरून वगळण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली मनाई केली. ती मनाई प्रत्यक्षात किती पाळली जाते याविषयी आम्हाला शंका आहे.

आणि ज्यूरीपुढे येतात तरी किती? शिक्षा होणाऱ्या शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांचा खटला उभाच राहत नाही. सरकारी वकील म्हणतो, गुन्हा कबूल कर, आरोप हलका करतो. जामिनाची रक्कम नाही, घरी लेकरे, कामावरून काढून टाकण्याची धास्ती. अशा वेळी निरपराध माणूसही सही करून मोकळा होतो. सरकारी खर्चाने मिळालेल्या वकिलाच्या टेबलावरही खटल्यांचा ढीग असतो.

गिडियनचा आवाज आपल्याकडेही पोचला. १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कैद्याचा मोफत वकिलाचा हक्क मान्य केला, तेव्हा त्या निकालपत्रात गिडियनचा दाखला दिला. आज आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रिया, अटकेतील व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना मोफत वकील मागताना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तेथे चौकशी करावी.